कांद्याचा खारा केक, म्हणजे जर्मन त्स्वीबेलकूखेन, घरी करायचा तर

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण बाकी थोडंफार इकडंतिकडं झालं तरी चालतं पण हे चुकलं तर पदार्थच बदलतो. यातला कांदा लाल करायचा नाही. आपला हात लहानपणापासून कांदा लाल करायलाच शिकलेला असतो, वाटणाला लाल, रश्श्याला लाल, बिर्याणीला तर पार कुरकुरीत, त्यामुळं कढईत कांदा पडला की आपण नकळत गॅस मोठा करतो आणि उलथणं चालवायला लागतो. इथं ते नको. इथं कांद्याला त्याच्याच पाण्यात बारीक आचेवर मऊ करायचंय, इतकं की दोन बोटांत दाबला तर विरघळावा पण रंग मात्र फिकट सोनेरीच राहावा.

मी निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि द्राक्षबाग, आणि नोकरीमुळं बरीच वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला राहतोय. लासलगावच्या मार्केटला ट्रॅक्टर घेऊन वडलांबरोबर लिलावाला गेलेला पोरगा, त्यामुळं कांद्यातलं आपल्याला कुणी काही शिकवावं असं वाटायचं नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक श्वाबियन, म्हणजे इथल्याच भागातल्या, आजी राहतात, त्यांनी एका ऑक्टोबरात मला स्वयंपाकघरात उभं करून हा प्रकार शिकवला, आणि मी जोरात परतायला लागलो तशी काही न बोलता शेगडीचं बटण ७ वरून ३ वर आणलं आणि माझ्या हातातला चमचा काढून घेतला. पंधरा मिनिटांनी झाकण उघडलं तर तळाशी कांद्याचं पाणी सुटलेलं आणि असा गोड वास, जो मी आमच्या घरी कधी घेतलाच नव्हता कारण आम्ही तिथवर थांबतच नाही.

नावाचं सांगतो. त्स्वीबेल म्हणजे कांदा, कूखेन म्हणजे केक, पण गोड अजिबात नसतो. खाली पावाच्या पिठासारखा यीस्टचा थर, त्यावर मऊ कांदा, अंडी आणि आंबट सायीचं मिश्रण, आणि ओव्हनमध्ये भाजलेला. कुणी याला पाय म्हणतं कुणी टार्ट, मी कूखेनच म्हणणार. दक्षिण-पश्चिम जर्मनीत, श्वाबेन आणि बाडेन भागात, सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी झाली की हा दिसायला लागतो, कारण तेव्हाच फेडरवाइसर येते, म्हणजे अजून आंबतच असलेला द्राक्षाचा रस, ढगाळ रंगाचा, फेसाळ, गोडसर. स्टुटगार्ट शहराच्या आतसुद्धा टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत, आणि मळेवाले आपल्या घरात किंवा कोठारातच तात्पुरतं खाणावळीसारखं दुकान मांडतात, त्याला बेझन म्हणतात. बेझन म्हणजे झाडू. दारावर झाडू टांगला की समजायचं चालू आहे. वर्षातनं जास्तीत जास्त ४ महिने चालवायची परवानगी आणि ४० खुर्च्यांची मर्यादा, त्यामुळं अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायला लागतं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला एकच वाटलं, आमच्याकडं पण द्राक्ष आणि कांदा बांधाला बांध लावून आहेत, पण एका ताटात कधी आले नाहीत.

स्टुटगार्टच्या शेजारी एसलिंगेन म्हणून जुनं गाव आहे, तिथल्या लोकांना कांदेच म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की सैतान वेष बदलून बाजारात आला आणि एका भाजीवालीकडं सफरचंद मागितलं, तिनं पाय बघून त्याला ओळखलं आणि हातात कांदा दिला, तो चावला तसा डोळ्यातनं पाणी आलं आणि तो चिडून म्हणाला की यापुढं तुमचं नावच कांदे. ते लोक नाव अभिमानानं मिरवतात आणि बरीच वर्षं दर उन्हाळ्यात कांद्याचा उत्सवही करायचे. तिकडं वायमारला तर कांदेबाजार १६५३ पासून भरतोय, ऑक्टोबरात, कांद्याच्या वेण्या गुंफून विकतात. हे सगळं मी आमच्या वडलांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, भाव काय तिकडं?

आता कांदा कुठला घ्यायचा ते, कारण जर्मन रेसिपी जशीच्या तशी उचलली तर आपल्या कांद्याला ती बसत नाही. तिकडचा पिवळ्या सालीचा कांदा मध्यम तिखट असतो. आपल्याकडं तीन हंगाम, पावसाळी लागवडीचा लाल कांदा, मग रांगडा, आणि रब्बीचा उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो लवकर मऊ होतो पण पाणी आटवायला वेळ जातो आणि न आटवता घातला तर खालचं पीठ गिचका होतं. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर शेडमध्ये, साठवलेला असतो, घट्ट, पाणी कमी, तिखट जास्त, पण बारीक आचेवर तो जो गोड होतो त्याला तोड नाही. माझं मत उन्हाळ कांदाच. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर अजून सौम्य होतो, त्याला वेळही कमी लागतो. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, स्वस्त मिळते म्हणून घेतली तर चालेल पण सोलता सोलता तास जाईल. डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आलेला कांदा मात्र घेऊ नका, मधला दांडा कितीही शिजवा लाकडासारखाच राहतो. आणि चाळीतला जुना कांदा असेल तर मधला हिरवा कोंब काढून टाका, कडवट लागतो.

ओटीजीबरोबर, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनबरोबर, जो काळा चौकोनी ट्रे येतो किंवा ११ इंची गोल टिन, त्याला पुरेल असं माप देतो. ९ इंची केकचं भांडं असेल तर सगळं दोन तृतीयांश करा.

पिठासाठी मैदा २५० ग्रॅम, त्यातला ५० ग्रॅम कणीक घेतली तर चव उलट चांगली येते. इन्स्टंट ड्राय यीस्ट सपाट दीड छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर चिमूटभर, मऊ झालेलं लोणी ४० ग्रॅम आणि कोमट दूध १४० मिली. दूध कोमट म्हणजे बोट बुडवलं तर काहीच जाणवू नये असं, गरम झालं तर यीस्ट मरतं आणि मग पीठ तासन्‌तास बसून राहतं. सगळं एकत्र करून आठ-दहा मिनिटं चांगलं मळायचं, पोळ्यांच्या कणकेपेक्षा किंचित सैल ठेवायचं, तेलाचा हात लावून झाकून ठेवायचं. एप्रिल-मेत ४० मिनिटांत दुप्पट होतं, डिसेंबरात दीड तास लागतो, घड्याळ बघू नका पीठ बघा. इथं काही घरांत यीस्टऐवजी खुसखुशीत लोण्याच्या पिठाचा थर करतात, तोही चांगला लागतो, पण आपल्या उकाड्यात ते लोणी हातातच वितळतं म्हणून मी यीस्टवालाच सांगतो.

पीठ फुगतंय तोवर कांदा. सोलून १ किलो. भज्यांना आपण उभा चिरतो ना, तो आकार धरून राहतो, इथं आकार नकोय म्हणून आडवा चिरायचा, कांद्याचे दोन भाग करून मग अर्धगोल पातळ काप. रेषा तुटल्या की तो लवकर विरघळतो. जाड बुडाची कढई किंवा पातेलं, लोणी ४० ग्रॅम आणि एक चमचा तेल, लोणी वितळलं की सगळा कांदा आणि मीठ १ छोटा चमचा एकदमच घालायचं, मीठ सुरुवातीलाच म्हणजे पाणी सुटतं. हलवून झाकण, गॅस बारीक, १० मिनिटं. मग झाकण काढून अधूनमधून हलवत अजून १५-२० मिनिटं. उन्हाळ कांद्याला एकूण अर्धा तास धरा, घाई नको. कढईभर दिसणारा कांदा तळाशी येतो, चमच्यानं बाजूला सारला तर कढईच्या बुडाशी पाणी न दिसता फक्त लोण्याची चमक दिसली पाहिजे, ती खूण. कडेला कुठं तपकिरी दिसायला लागला तर एक-दोन चमचे पाणी शिंपडा आणि खरवडून घ्या, घाबरायचं कारण नाही.

मग गॅस बंद करायच्या आधी शहाजिरं, एक सपाट छोटा चमचा, नुसतं हातावर चुरडून. याच्याबद्दल जरा बोलायचंय. जर्मनीत क्युमेल म्हणतात ते हे, आणि आपलं साधं जिरं म्हणजे क्रॉइत्सक्युमेल, दोन्ही नावं दुकानात शेजारी शेजारी आणि मी पहिल्या वर्षी एकट्यानं केला तेव्हा साधं जिरं घातलं होतं. वाईट नाही लागलं पण ती सरळ आपली जिऱ्याची फोडणी झाली, तो पदार्थ हरवलाच. शहाजिऱ्याला एक थंडसर, किंचित बडीशेपेकडं झुकणारा वास आहे, तो कांद्याच्या गोडीला कापतो, आणि कांद्यानं पोट फुगतं त्यावर उतारा म्हणूनच तिकडची माणसं ते घालतात. किराणा दुकानात बिर्याणीच्या मसाल्यात मिळतं. हळद, तिखट, गरम मसाला यातलं काहीही घालू नका, हात शिवशिवतो मला माहितीये, पण एकदा तरी तसाच खाऊन बघा.

डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, श्पेक म्हणतात, ते बऱ्याच घरांत घालतात, बिनमांसाचाही तेवढाच चालतो आणि मी तोच करतो. गोव्यातल्या एका मित्रानं चोरीस, म्हणजे तिकडचं डुकराच्या मांसाचं झणझणीत सॉसेज, घालून केला होता, मला विचाराल तर नको, चोरीसमधलं व्हिनेगर आणि मिरची इतकी पुढं येते की कांदा कुठं गेला कळत नाही.

कांदा ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. हे खरंच महत्त्वाचं आहे, गरम कांद्यात अंडं घातलं तर तिथल्या तिथं भुर्जी होते.

आता सायीचं मिश्रण. तिकडं श्मांट म्हणून घट्ट आंबट साय मिळते, साधारण २४ टक्के स्निग्धांशाची, आपल्याकडं ती नाही. मी बरेच प्रयोग केले, नुसतं दही घातलं तर फुटतं आणि पाणी सुटतं, नुसतं फ्रेश क्रीम घातलं तर आंबटपणा नाही आणि पदार्थ जड होतो. सगळ्यात जवळ जातो तो श्रीखंडाचा चक्का. डेअरीत मिळतो तो ताजा, फार आंबट नसलेला चक्का १५० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम १०० मिली, हे चमच्यानं गुळगुळीत घोटायचं, मग त्यात ३ अंडी, एक मोठा चमचा मैदा, मिरपूड, जरासं जायफळ. मैदा टाळू नका, त्याच्यामुळंच चक्का ओव्हनमध्ये फुटत नाही. मीठ चाखून बघा, कांद्यात आधीच आहे. मग गार कांदा यात मिसळायचा.

बिनअंड्याचा मी आईसाठी शोधला. आई माळकरी, अंडं नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. ती पहिल्यांदा इकडं आली ती नेमकी सप्टेंबरात, म्हणजे इथं गल्लोगल्ली कूखेन आणि आईला कांदा वर्ज्य, खालच्या आजींनी प्रेमानं ताट भरून आणलं आणि आईनं ते हातात घेऊन नुसता वास घेतला, "छान वास ए गं" असं मराठीतच म्हणाली आणि ताट माझ्याकडं दिलं. ते मला फार लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी मुद्दाम सुट्टी अशी घेतली की कांदेनवमीला, आषाढ शुद्ध नवमीला, गावी असेन. आषाढी एकादशीच्या आधी दोन दिवस, कांदा सोडण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्यायचा दिवस, घरात भजी, थालीपीठ, झुणका सगळं कांद्याचंच, आणि चाळीत उन्हाळ कांदा भरलेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा बिनअंड्याचा केला. आई शेजारी उभी राहून सारखी म्हणत होती, "अरे लाल कर ना, असा पांढरा काय ठेवतो," आणि मी तिला थोपवत होतो. झाल्यावर तिनं एक काप खाल्ला, मग दुसरा घेतला आणि म्हणाली की हा गोड लागतोय, साखर घातली का रे? एक कण नव्हती घातली.

तर त्याचं माप असं, चक्का ३०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, कोरडं भाजून गार केलेलं बेसन एक मोठा चमचा, मिरपूड, जायफळ. बेसनानं रंगही येतो आणि धरूनही राहतं. अंड्याइतका लुसलुशीत होत नाही हे खरं, पण गार होऊ दिला तर काप स्वच्छ सुटतो.

आता मांडणी. ट्रेला लोणी लावा, पीठ लाटून किंवा बोटांनी ढकलत पसरवा, जाडी ४-५ मिलिमीटर, याहून जाड ठेवलं तर खायला नुसता पावच लागतो. कडेला बोटभर उंच काठ उभा करा नाहीतर मिश्रण बाहेर पळतं. पिठावर एक चमचा बारीक रवा किंवा भाजलेला ब्रेडचा चुरा भुरभुरवा, तो खाली उतरणारं पाणी पितो. हे आजींचं नाही, हे माझं, आपल्याकडच्या ओटीजीत तळ कच्चा राहतो म्हणून मी सुरू केलं. मग कांद्याचं मिश्रण पसरून वरून हलक्या हातानं सारखं करा, अजून थोडं शहाजिरं वर टाकलं तरी छान दिसतं.

ओव्हन २०० अंशावर, आधी १५ मिनिटं नीट तापवलेला. ट्रे सगळ्यात खालच्या किंवा त्याच्या वरच्या खाचेत. ओटीजीत पहिली १० मिनिटं फक्त खालचा रॉड चालू ठेवा, मग दोन्ही, एकूण ३५ ते ४० मिनिटं. वरून सोनेरी ठिपके पडले, मध्यभागी ट्रे हलवल्यावर मिश्रण लाटेसारखं न हलता एकत्र थरथरलं, आणि उलथण्यानं कड उचलून खालून बघितलं तर बुडाला बिस्किटासारखा रंग असला, की झालं. वरून लवकर रंग आला आणि खालून कच्चा असेल तर फॉइलनं झाकून अजून पाच-सात मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १८० अंशावर होतो. कढईत मीठ घालून वर झाकण ठेवून करायचा प्रयत्न मी केलाय, खालून भाजतो पण वरचा भाग वाफेनं ओलसर राहतो, मला नाही आवडला. आणि गावाकडं करत असाल तर पावसाळ्यात लाइटचा अंदाज घेऊन लावा, आमच्याकडं कांदेनवमीला २० व्या मिनिटाला लाइट गेली होती, दार न उघडता तसाच ठेवला, पंचवीस मिनिटांनी आली आणि मग अजून वीस मिनिटं दिली, थोडा घट्ट झाला पण वाचला.

बाहेर काढला की लगेच कापू नका, २० मिनिटं, बिनअंड्याचा असेल तर अर्धा तास थांबा. हा कोमट खायचा असतो. फेडरवाइसर आपल्याकडं मिळायची नाही आणि तिकडं असाल तर एक लक्षात ठेवा, बाटलीत रस आंबतच असतो, गॅस बाहेर पडावा म्हणून झाकण मुद्दाम सैल असतं, त्यामुळं बाटली उभीच न्यायची आणि फ्रीजमध्येही उभीच ठेवायची. मी पहिल्यांदा पाठीवरच्या बॅगेत आडवी टाकली होती आणि लोकलमधनं उतरेपर्यंत पाठ, लॅपटॉप सगळं गोड चिकट झालं. घरी मुलांसाठी आणि आईसाठी मी सफरचंदाच्या रसात निम्मा सोडा घालतो, इथं तेही रोजचंच पेय आहे, आप्फेलशोर्ले म्हणतात, आणि कूखेनबरोबर खरंच जमतं. ताक मला नाही जमलं, चक्क्याचा आंबटपणा आधीच असतो त्यावर पुन्हा ताक म्हणजे कांदा मागं पडतो.

उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस आरामात राहतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, बूड चामड्यासारखं होतं. लोखंडी तवा बारीक गॅसवर ठेवून काप तसाच कोरडा ठेवायचा, वर ताट झाकायचं, पाच-सहा मिनिटांत खालून कुरकुरीत आणि वरून गरम. आई एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी असाच गरम करून उरलेला काप चहाबरोबर खात होती.